मदतकार्य आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा धोरण: या कामात शिरायचं असेल तर

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरू लागल्यावर नदीकाठच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात, मी वाटपाचं रजिस्टर घेऊन बसलो होतो. यादी रेशनकार्डांवरून केलेली. एका कार्डाला एक किट: ताडपत्री, दोन चादरी, बादली, साबण, सॅनिटरी पॅड. दुपारी एक बाई टेबलापाशी आली. "कार्ड सासऱ्याच्या नावावर हाय, पण आमची चूल येगळी हाय की." तिच्या घरचं किट थोरल्या दिरानं सकाळीच उचललं होतं. संध्याकाळपर्यंत अशा सतरा वेगळ्या चुली निघाल्या आणि आमच्याकडे शिल्लक होते नऊ किट.

पुढे एका प्रशिक्षणात 'हाउसहोल्ड'ची व्याख्या फळ्यावर लिहिली गेली: एकाच भांड्यात शिजवलेलं वाटून खाणारी माणसं. म्हणजे चूल. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक असलेली गोष्ट आम्ही रेशनकार्डाच्या नादात विसरलो होतो.

"यूएनमध्ये कसं जायचं?" असं विचारणाऱ्यांना मी आधी हा किस्सा सांगतो. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळं जाकीट आणि जिनिव्हाचं तळं असतं. प्रत्यक्षात दिवस जातो याद्या, पावत्या, गोदामाच्या चाव्या आणि चिडलेल्या माणसांशी शांतपणे बोलण्यात. हे आवडणार असेल तर पुढचं वाचा.

पायरी १: हे दोन वेगळे धंदे आहेत, हे आधी समजून घ्या

मानवतावादी मदतकार्य आणि सुरक्षा धोरण यांची नावं एका दमात घेतली जातात. पण दोन्हीकडे माणसाचा पाया वेगळ्या जागी रोवलेला असतो.

मदतकार्याची चार तत्त्वं आहेत: मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य. १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर रणांगणात पडून राहिलेले जखमी सैनिक हेन्री द्युनाँ या स्विस व्यापाऱ्यानं पाहिले आणि त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीआरसी, उभी राहिली. जखमी कुठल्या बाजूचा आहे हे विचारायचं नाही, हे तिथलं मूळ. पुढे १९४९ चे चार जिनिव्हा करार झाले आणि युद्धाचे नियम कायद्यात बसले. भारतानं ते स्वीकारलेत, त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. १९७७ च्या पूरक करारांवर (प्रोटोकॉल) मात्र भारताची सही नाही. १९५१ च्या निर्वासित करारावरही नाही. मुलाखतीत भारतीय उमेदवाराला हे हमखास विचारतात, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

सुरक्षा धोरणातला माणूस बहुधा कुणाच्या तरी वतीनं विचार करतो: सरकारच्या, एखाद्या अभ्याससंस्थेच्या, कधी संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या. शस्त्रनियंत्रण, निर्बंध, शांतिसेना, अण्वस्त्रं, सीमावाद हे त्याचे विषय.

माझं मत असं, की दोन्हीकडे ओढा असेल तर आधी मदतकार्यात जा. तिथून धोरणाकडे वळणं सोपं जातं. उलटा प्रवास अवघड, कारण संरक्षण खात्याशी किंवा गुप्तचर कामाशी जुनं नातं असलेल्या माणसाच्या तटस्थतेवर संघर्षाच्या भागात पटकन बोट ठेवलं जातं आणि त्याचा त्रास त्याच्या सहकाऱ्यांनाही होतो.

पायरी २: आपल्याला नेमकं काय करता येतं?

"मला लोकांची सेवा करायची आहे" ही पात्रता होत नाही. छावणीवर माणूस घेताना विचारतात ते एवढंच: तू उद्या सकाळी काय करशील? उत्तरं साधारण अशी असतात:

- लॉजिस्टिक्स: खरेदी, वाहतूक, गोदाम, स्टॉक कार्ड, वाहनांचं लॉगबुक
- वॉश: पाणी, संडास, स्वच्छता
- आरोग्य आणि पोषण
- प्रोटेक्शन: हरवलेली मुलं, महिलांवरील हिंसा, कागदपत्रं, कायदेशीर मदत
- माहिती व्यवस्थापन: सर्वेक्षण, नकाशे, तक्ते
- वित्त आणि मनुष्यबळ

आपल्याकडची मुलं या यादीतला पहिला आणि शेवटचा पर्याय कमी लेखतात. वाशीच्या मार्केटमध्ये मालाची आवक-जावक सांभाळलेला मुलगा किंवा सीएच्या ऑफिसात तीन वर्षं आर्टिकलशिप केलेली मुलगी या दोघांना या क्षेत्रात एमए झालेल्या दहा जणांपेक्षा लवकर काम मिळू शकतं. देणगीदाराला प्रत्येक पावती दाखवावी लागते आणि ती नीट लावणारी माणसं कायम कमी पडतात. डॉक्टर, नर्स, सिव्हिल इंजिनिअर यांना तर वेगळं सांगायलाच नको.

कुठलंही काम निवडा, स्फिअर या जागतिक उपक्रमानं मदतकार्यासाठी ठरवलेली किमान मानकं मात्र तोंडपाठ हवीत. हा उपक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. त्याचं हँडबुक फुकट मिळतं आणि जगभरच्या छावण्या त्यावरच मोजल्या जातात. नुसतं वाचून ते डोक्यात बसत नाही, गणित करून बसतं. हे करून पाहा.

तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पुरामुळे ६०० माणसं आली आहेत. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, म्हणजे ९,००० लिटर; दहा हजारांचा टँकर रोज एक, आणि तो येणारा रस्ता पाण्याखाली नाही ना, हे आधी पाहायचं. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणजे तीन नळ. संडास सुरुवातीला ५० जणांमागे एक, म्हणजे १२; शक्य तितक्या लवकर २० जणांमागे एक, म्हणजे ३०. त्यात बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आता झोपायची जागा: माणशी साडेतीन चौरस मीटर. शाळेची एक खोली साधारण ५०० चौरस फुटांची धरली, तर ती झाली ४६ चौरस मीटर. म्हणजे एका खोलीत १३ माणसं. ६०० माणसांना ४७ खोल्या लागतील, आणि तुमच्या शाळेत आहेत सहा.

इथं गणित संपतं आणि काम सुरू होतं. मंगल कार्यालय कुणाचं आहे, साखर कारखान्याचं गोदाम रिकामं आहे का, देवळाचा सभामंडप सगळ्या जातीच्या लोकांना खुला होईल का? हा शेवटचा प्रश्न कुठल्याच हँडबुकात नसतो. तो तुम्हालाच विचारावा लागतो, आणि गावात विचारताना कुणापुढं कसा विचारायचा हेही ठाऊक असावं लागतं.

पोषणाचं एक माप: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषण. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये काम केलेल्या अंगणवाडी सेविकेला ती रंगीत पट्टी चांगली माहीत असते. तिच्याकडून शिका.

पायरी ३: शिक्षण, पण बेतानं

मुंबईत देवनारला टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. तिथंच आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आहे. लोकसंख्या आणि सर्वेक्षणाचं शास्त्र शिकायचं तर ती जागा उत्तम. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला. दिल्लीत जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुल, आणि कायद्याच्या बाजूनं यायचं तर इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ.

परदेशात जिनिव्हाचं ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट, युरोपातल्या अनेक विद्यापीठांचा मिळून चालणारा नोहा हा संयुक्त अभ्यासक्रम आणि लंडनची विद्यापीठं. खर्च डोळे पांढरे करणारा. त्यासाठी इरॅस्मस मुंडस आणि चिव्हनिंग या शिष्यवृत्त्या पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. जमीन गहाण ठेवून या विषयात परदेशी एमए करू नका. हे मी स्पष्टच सांगतो. पहिल्या नोकरीचा पगार त्या कर्जाचा हप्ता पेलत नाही, आणि कामाचा अनुभव नसेल तर ती पदवी एकटीनं फारशी दारं उघडत नाही. दोन-तीन वर्षं काम करून मग गेलेल्यांना शिष्यवृत्तीही लवकर मिळते, कारण अर्जात लिहायला काहीतरी असतं.

भाषेवर मात्र खर्च करा. इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही, आणि दुसरी शिकायची तर फ्रेंच. कांगो, चाड, माली, नायजर, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, हैती या सगळीकडे कामाची भाषा फ्रेंचच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियाँस फ्राँसेझ दोन्हीकडे वर्ग चालतात. बी-टू, म्हणजे कामापुरतं सफाईनं बोलता-लिहिता येण्याची पातळी गाठायला चिकाटीनं दोन-अडीच वर्षं लागतात. अरबी येत असेल तर तुम्ही माझ्या पुढे आहात.

आणखी दोन किरकोळ वाटणारी कौशल्यं. गिअरची गाडी चालवता येणं आणि तसा परवाना असणं: आयसीआरसी आपल्या प्रतिनिधींकडून ते मागत आली आहे. आणि एक्सेल. पिव्हट टेबल न येणाऱ्या उमेदवाराला मी आजवर कधीच घेतलं नाही. मोबाइलवर सर्वेक्षण करायचं कोबो हे साधन फुकट आहे. आपल्याच गल्लीतल्या २० घरांचा पाण्याचा सर्व्हे त्यावर करून पाहा.

पायरी ४: पहिली दोन वर्षं जिल्ह्यात काढा

महाराष्ट्राला आपत्ती शोधायला बाहेर जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ३० जुलै २०१४ ला माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी. दुष्काळ तर पाचवीला पुजलेला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी कार्यालयात नियंत्रण कक्ष आहे. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा वाचलाय असा उमेदवार मला क्वचित भेटतो. तो मिळवा, वाचा, त्यातले जुने फोन नंबर शोधून काढा. नियंत्रण कक्षातल्या माणसाशी ओळख व्हायला याहून चांगलं निमित्त नाही.

त्यानंतर संस्थेत काम. गूंज, डॉक्टर्स फॉर यू, सीड्स अशा संस्था पूर-भूकंपात उतरतात. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या भारतीय शाखाही आहेत. पाटी मोठी असण्यापेक्षा काय करायला मिळेल ते पाहा. छोट्या संस्थेत तुम्ही पहिल्याच वर्षी खरेदी, वाटप, अहवाल सगळं करता.

पण छोट्या संस्थांची आर्थिक नाडी समजून घ्या. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. परदेशी पैसा एका संस्थेनं दुसरीला पुढे देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी पैशासाठीचं पहिलं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या कितीतरी गटांचा श्वास त्यामुळे कोंडला. आता बराच भार कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीवर आहे. मुलाखतीत तुम्हीच विचारा: या पदाचा पैसा कुठून येतो आणि किती महिने पुरेल? याचा राग मानणाऱ्या ठिकाणी न गेलेलं बरं.

या काळात एक वही ठेवा. आज किती घरं, किती लिटर, किती किट, काय चुकलं. वर्षभरानं बायोडेटा आणि मुलाखत या वहीतूनच तयार होते.

पायरी ५: अर्ज

मदतकार्यातल्या जागतिक जाहिराती रिलीफवेबवर येतात. १९९६ पासून चालणारी ती संयुक्त राष्ट्रांची साइट. संयुक्त राष्ट्रांत जायच्या वाटा तीन-चार आहेत.

यूएन व्हॉलंटिअर ही सर्वात व्यवहार्य. नाव स्वयंसेवक असलं तरी राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळतो आणि काम नियमित कर्मचाऱ्यासारखंच असतं. युवा गटाला १८ ते २६ ची वयोमर्यादा आहे, तज्ज्ञ म्हणून २७ नंतर. भारतातल्या कार्यालयांतली 'नॅशनल' पदं ही दुसरी वाट. ती भारतीयांसाठीच राखीव असल्यानं स्पर्धा अख्ख्या जगाशी नसते. दिल्लीत किंवा एखाद्या राज्यात चार-पाच वर्षं काढून आंतरराष्ट्रीय पदावर गेलेले माझे कितीतरी सहकारी आहेत. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम या तरुणांसाठीच्या भरतीची परीक्षा ३२ वर्षांपर्यंत देता येते, पण त्या वर्षीच्या देशांच्या यादीत भारत हवा. इंटर्नशिप सचिवालयात बिनपगारी असते. न्यूयॉर्कचं भाडं बापानं भरायचं असेल तरच.

मुलाखतीत "तुमची बलस्थानं सांगा" असं कुणी विचारत नाही. प्रसंग विचारतात: वाटपात गोंधळ झाला तेव्हा तुम्ही काय केलंत? परिस्थिती, तुम्ही केलेली कृती, निष्पन्न, या क्रमानं तीन मिनिटांत सांगायचं. आपली मुलं इथं "आम्ही केलं, आमच्या टीमनं केलं" म्हणत राहतात. नम्रता चांगली, पण समोरच्याला *तुम्ही* काय केलंत ते कळत नाही आणि गुण जातात. माझ्या सतरा चुलींची गोष्ट मी दोन मुलाखतींत सांगितली. चूक झाली, रात्री सरपंच आणि आशाताईंना घेऊन घरोघर फिरलो, चुलीप्रमाणं नवी यादी केली, तिसऱ्या दिवशी उरलेल्या आठ घरांना किट पोचवले. चूक लपवणाऱ्यापेक्षा ती दुरुस्त करणारा माणूस पॅनेलला हवा असतो.

भरतीसाठी पैसे मागणारा ईमेल आला तर तो खोटा आहे. संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही शुल्क घेत नाहीत. या फसवणुकीत आपल्याकडच्या मुलांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत.

सध्याचा काळ वाईट आहे, हेही ऐकून ठेवा. अमेरिका या क्षेत्रातली सर्वात मोठी देणगीदार होती. १ जुलै २०२५ ला तिची यूएसएड ही परदेशी मदत देणारी संस्था बंद झाली आणि जगभर हजारो नोकऱ्या गेल्या. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं आज तुमच्याच रांगेत उभी आहेत. म्हणूनच लॉजिस्टिक्स, वित्त, आरोग्य, अभियांत्रिकी असं बाहेरही चालणारं कौशल्य हाताशी असू द्या.

पायरी ६: सुरक्षा धोरणाची बाजू

इथं माणूस ओळखला जातो तो लिहिण्यावरून. दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन, मुंबईत गेटवे हाउस, बंगळुरूत तक्षशिला. सगळीकडे संशोधन सहायकाची जागा लेखनाचा नमुना पाहूनच भरतात. २५ वर्षांच्या आत असाल तर खासदाराबरोबर वर्षभर काम करायची लॅम्प फेलोशिप पाहा. सरकारी बाजूनं जायचं तर यूपीएससी आणि परराष्ट्र सेवा; तिथल्या निःशस्त्रीकरण विभागात हेच विषय हाताळतात.

नमुना कसा तयार करायचा? एक ठराव घ्या. ९ डिसेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं २६६४ क्रमांकाचा ठराव केला: निर्बंधांखाली मालमत्ता गोठवलेली असली तरी मानवतावादी मदतीला सूट. बाजूनं १४ मतं. तटस्थ एकच देश, भारत, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद भारताकडेच होतं. दहशतवादी गट मदतसंस्थेचा मुखवटा लावून ही सूट वापरतील, ही भारताची हरकत. आता दोन पानं लिहा: ठरावाआधी मदतसंस्थांची अडचण काय होती, भारताची हरकत कुठे रास्त, कुठे ताणलेली, आणि दोन्ही सांभाळणारी एखादी तरतूद सुचवता येते का. लोकसभेत परराष्ट्र मंत्रालयानं दिलेली लेखी उत्तरं खुली असतात, ती वाचा. बातम्यांवर विसंबलेला नमुना पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. मदतकार्य आणि सुरक्षा धोरण एकमेकांना भिडतात ते अशाच कागदांवर, आणि छावणीत बसून बँकेत पैसे अडकलेले पाहिलेला माणूस तिथं वेगळं लिहितो.

एक वाट कुणी सांगत नाही. रासायनिक अस्त्रबंदीचा करार १९९७ मध्ये लागू झाला. हेगमधली ओपीसीडब्ल्यू ही संस्था त्याची तपासणी करते, तीही सामान्य रसायन कारखान्यांत जाऊन. तिला निरीक्षक लागतात: केमिकल इंजिनिअर, रसायनशास्त्रज्ञ. मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची, म्हणून जागा फिरत राहतात. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडून रसायनी-पाताळगंगा, लोटे किंवा तारापूरला दहा वर्षं प्लँट सांभाळलेल्या माणसानं हा विचार का करू नये? तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांवर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख असते. त्या बाजूलाही निरीक्षक हे व्यावसायिक पद आहे. राज्यशास्त्र घेऊनच या क्षेत्रात येता येतं, हा समज इथं खोटा ठरतो.

पायरी ७: निघण्यापूर्वी

१९ ऑगस्ट २००३ ला बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर स्फोट झाला. तिथले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दी मेलो यांच्यासह २२ जण गेले. त्या तारखेला आता जागतिक मानवतावादी दिन पाळतात. धोका खरा आहे, आणि तो कमी करायची शिस्तही आहे. संयुक्त राष्ट्रांचा बीसेफ हा सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करा. संघर्षाच्या भागात पाठवणारी संस्था हीट नावाचं, धोक्याच्या भागात कसं वावरायचं याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण देते का, विमा युद्धजन्य इजेला लागू आहे का, आजारी पडलो तर विमानानं कोण आणि कुठे हलवणार, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या. संकोच करू नका.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती मान्यताप्राप्त केंद्रातच टोचून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं. निघायच्या आदल्या आठवड्यात हे आठवणारे दर वर्षी भेटतात. पासपोर्टवरचं नाव आणि पदवीवरचं नाव जुळतं का तेही पाहा; आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायच्या पद्धतीमुळे यात हमखास घोळ होतो.

घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मुलींना जास्त छळतो. लग्नाचं बोलणं चालू असताना दक्षिण सुदानचं नेमणूकपत्र आलेली एक सहकारी होती. तिनं आईवडिलांना संस्थेच्या दिल्लीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. वडिलांनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि शेवटी जेवायला काय मिळतं ते विचारलं. ती गेली.

आणि घरी एक खूण ठरवून ठेवा. बाहेरगावच्या फेरीवरून तळावर परतलो की माझ्या आईला 'जेवलो' एवढाच मेसेज जातो. रात्री दहापर्यंत तो आला नाही, तर धाकट्या भावानं संस्थेच्या ड्युटी नंबरवर फोन लावायचा. नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे.